चपट्या टोपीची साक्ष

१

मोरोपंतांनी रुमालाची गाठ सोडली आणि पितळेची ती पुंगळी आनंदीबाईंच्या दुकानातील फळीवर उभी केली.

बाईंनी चष्मा चढवला, पुंगळी उचलली, उलटी केली आणि दाराकडून येणाऱ्या उजेडात धरली. काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी टोपी बसवलेली असते. रायफलीची सुई तिच्यावर आपटते, आत ठिणगी पडते आणि दारू पेटते. बार उडाल्यावरही टोपीची कड गोलसर राहिली, तर आतला दाब बेताचा होता असे जाणावे. ही टोपी मात्र इस्त्री फिरवल्यागत सपाट झाली होती, आणि तिच्या मधोमध आरपार भोक पडले होते.

"कोणाच्या तोंडावर आली?" बाईंनी विचारले. काय झाले, हे त्यांनी विचारले नाही. ते टोपीने सांगितले होते.

"हैबतरावांच्या," मोरोपंत म्हणाले. रोह्याहून पहिल्या एस.टी.ने आलेला तो गृहस्थ अजून धापा टाकत होता. "काल सांजेला खांबच्या शेतावर. भात भरलंय, डुकरं नासधूस करतात, म्हणून दोघेच बसलो होतो. बार झाला आणि हा आगीचा भपकारा मागल्या मागे डोळ्यांत. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बांधून ठेवलेत. डावा वाचेल म्हणतात. उजव्याचं पट्टी सुटेल तेव्हा कळायचं."

"काडतूस कोणी भरलेलं?"

"त्यांच्या महिपतीनं. आणि दारू तुमच्या दुकानातली."

आनंदीबाईंनी पुंगळी खाली ठेवली. पेणेत गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली होते. बंदुकीचे दुकान मात्र एकच, आणि यजमान माधवराव गेल्यापासून ते आनंदीबाईच चालवीत. परवाना आपल्या नावावर करून घ्यायला त्या अलिबागेस गेल्या, तेव्हा तेथील कारकुनाने विचारले होते, बाईमाणसाला हा धंदा कशाला? बाई म्हणाल्या होत्या, "बंदूक काही विचारत नाही, कोण विकतंय ते." पुढे त्या कारकुनाची बदली झाली, परवाना राहिला.

"हैबतराव काय म्हणतात?"

मोरोपंतांनी नजर चुकवली. "म्हणतात, दोहोंतलं एक. आनंदीवहिनींची दारू खोटी, नाहीतर पोरानं माझ्या जिवावर उठून जादा भरली. फौजदाराला दुपारनंतर बोलावलंय. तुम्हालाही आणायला सांगितलंय, वहिनी. तुमची दारू खरी ठरली, तर…"

"तर महिपतीच्या हातात बेड्या," बाईंनी वाक्य पुरे केले.

काडतूस भरण्याची विद्या महिपतीला बाईंनीच दिली होती. आईबापांमागे काकाच्या, म्हणजे हैबतरावांच्या, घरी वाढलेला तो मुलगा दर नवरात्रात पेणेस येऊन त्यांच्या दुकानात राबत असे. आता स्वतःच्या दुकानाचा खरेपणा सिद्ध करायचा, तर त्याच हाताने त्या मुलाला तुरुंगात लोटायचे होते.

बाईंनी सोनारी तराजू मखमलीच्या पेटीत ठेवला, पेटी काखेत घेतली आणि दुकानाला कुलूप घातले.

"चला. पुढची नागोठण्याची गाडी चुकता कामा नये."

२

रोह्याच्या घरी हैबतराव ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. डोक्याभोवती पांढरी पट्टी, तिच्याखाली राखेने काळवंडलेले गाल, आणि त्याखाली पूर्वीइतक्याच ताठ मिशा. पावलांची चाहूल लागताच ते उठू लागले. खांबाशी उभा असलेला महिपती पुढे झाला आणि त्याने हात दिला.

हैबतरावांनी बोटांनी तो हात चाचपला आणि झटकून टाकला. "मोरोपंत, तुम्ही धरा मला."

महिपती पुन्हा खांबाशी जाऊन उभा राहिला. त्याचे नाक लाल झाले होते आणि डोळे पाणावले होते. पण ते पडशाने की अपमानाने, हे सांगणे कठीण होते.

"बसून राहा, हैबतराव," बाई म्हणाल्या. "मी काही कलेक्टर नव्हे. किती बार काढलेत काल?"

"तीन. तिसऱ्याला घात झाला."

"पहिल्या दोहोंना बोल्ट कसा उघडला?"

बोल्ट म्हणजे काडतुसामागे बसणारा रायफलीचा अडसर; रिकामी पुंगळी काढायला तो दर वेळी मागे ओढावा लागतो. हैबतराव अडखळले. "पहिल्याला जरा जड."

"आणि दुसऱ्याला?"

"तळहातानं ठोकावा लागला."

"लाकडानं," मोरोपंत मधेच बोलले. "खोटं कशाला? कुंपणाचं दांडकं घेतलंत."

"आणि दांडक्यानं उघडलेल्या रायफलीत तुम्ही तिसरं काडतूस घातलंत?" बाईंचा आवाज चढला नाही, पण ओटीवरच्या चिमण्या उडाल्या. "रायफल दोनदा ओरडून सांगत होती, हैबतराव, की दाब अंगाबाहेर जातोय. बैलानं दोनदा शिंग उगारलं तर तुम्ही तिसऱ्यांदा त्याच्या पुढ्यात जाऊन बसाल का?"

"डुक्कर समोर होतं, वहिनी!"

"डुक्कर अजून आहे. डोळ्याचं पट्टी सुटेल तेव्हा कळेल."

इतक्या वर्षांत हैबतरावांशी असे कोणी बोलले नव्हते. माजघराच्या दारात उभ्या असलेल्या मालतीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, पदर तोंडाला लावला. हसू होते की रडू, ते पदरालाच ठाऊक.

"माझा गाढवपणा मला कबूल," हैबतराव अखेर म्हणाले. "पण दाब वाढला कशानं? ते आधी सांगा. तुमच्या दारूनं, की ह्याच्या हातानं?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मोरोपंत उतावीळ होते. वनखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वतःची काडतुसे स्वतःच भरीत. आषाढात हैबतरावांनी आणि त्यांनी पेणेहून दारूचे दोन डबे नेले होते, एकाच पेटीतले, एकाच दिवशी. मोरोपंतांनी घरून आपला डबा आणि आपल्या रिकाम्या पुंगळ्या आणवल्या. कापलेल्या पुंगळीला तार जोडून केलेला त्यांचा चमचा डब्यातच होता.

"मी वजनबिजन करत नाही," ते अभिमानाने म्हणाले. "चमचा भरायचा, बोट फिरवायचं, ओतायचं. देवाची कृपा."

"देव तुमच्यावर फार मेहेरबान आहे, मोरोपंत. त्याला असं रोज रोज राबवू नका," बाई म्हणाल्या आणि पुंगळ्या पाहू लागल्या. दसऱ्यानंतर उडवलेल्या होत्या. सगळ्यांच्या टोप्या गोलसर, निरोगी. बोल्ट कधी अडला नव्हता.

म्हणजे एकाच पेटीतली दारू मोरोपंतांच्या रायफलीत गुणी, आणि हैबतरावांच्या रायफलीत खुनी.

"मग ठरलं," हैबतराव शांतपणे म्हणाले. "वहिनी, तुमचं दुकान सुटलं. फौजदार आला की मी ह्याचं नाव सांगणार."

३

"अजून काही ठरलेलं नाही," आनंदीबाईंनी तराजू काढला. "उरलेली काडतुसं आणा. महिपती, तू नव्हे. मोरोपंत, तुम्ही आणा. आणि हैबतराव, तुम्ही स्वतःच्या हातानं त्यातलं कुठलंही उचला. डोळे बांधलेलेच आहेत, न्याय उत्तम होईल."

हैबतरावांनी खोक्यात हात घालून एक काडतूस काढले. बाईंनी चिमट्याने गोळी उपसली, दारू पारड्यात ओतली आणि दुसऱ्या पारड्यात वजन टाकले. काटा मधोमध थांबला. दुसरे काडतूस. पुन्हा मधोमध. तिसरे, चौथे. महिपतीने भरलेली दारू वजनाला कणाइतकीही ढळली नव्हती.

"जादा भरली नाही," मोरोपंत पुटपुटले. मग त्यांना आणखी काही सुचले. "तेल! दसऱ्याला शस्त्रपूजा झाली. रायफलीला तेल लावलं, कुंकू लावलं. काडतूस बसतं त्या घरात तेल राहिलं तर पुंगळीला भिंतीची पकड मिळत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर येतो. हे मी वाचलंय!"

"चांगलं वाचलंत. पण पहिल्या बारानं तेल जळतं. तिसऱ्या बारापर्यंत ते काय पाहुणचाराला थांबतं?" बाईंनी कापडाची चिंधी सळईला गुंडाळून रायफलीच्या घरात फिरवली. चिंधीवर काजळी आली, तेलाचा डाग आला नाही. मग त्यांनी पुंगळ्यांची बुडे तपासली. जाड पितळेची लष्करी पुंगळी कोणी सरमिसळ केली, तर आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. तसेही नव्हते, साऱ्या एकाच छापाच्या होत्या. मानेची लांबीही महिपतीने कानशीने एकसारखी राखली होती.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. "उन्हाळ्यात उडवलेल्या पुंगळ्या ठेवल्या आहेस?"

"व्हय, बाई." त्याने फळीवरून खोका काढला. फाल्गुनात आणि चैत्रात उडवलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या, टोप्या वर करून. सगळ्या गोल. "तुम्हीच शिकवलं होतं, टोपी बघितल्याशिवाय पुंगळी टाकायची नाही."

तेच वजन, तीच पुंगळी, तीच गोळी, तोच हात. मग बदलले काय?

"दारूचा डबा कुठं असतो?"

"कपाटात. कुलपात."

"किल्ली?"

"माझ्या करगोट्याला, बाई. काकांचा हुकूम आहे, परवान्याचा माल आहे, किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती जाता कामा नये."

"नवरात्रात तू पेणेस होतास. तेव्हाही?"

महिपतीने नाक पुसले. नजर तराजूवर ठेवली. "तेव्हाही. माझ्याजवळच."

"ऐकलंत?" हैबतराव म्हणाले. "त्याच्याच तोंडून. कपाटाला दुसरा हातच लागलेला नाही."

आनंदीबाईंनी तराजूचा काटा सरळ केला. त्यांच्या डोळ्यांसमोर खंडेनवमीची सकाळ उभी राहिली. दुकानात पाट मांडला होता. पाटावर तराजू, कानशी, पक्कड, दुकानाच्या किल्ल्या, सगळ्यांना गंध लावून झेंडूची फुले वाहिली होती. त्यांनी महिपतीला सांगितले होते, तुझी हत्यारंही ठेव रे, आणि कपाटाची किल्लीही ठेव. त्याने कानशी ठेवली. मग कमरेला हात लावून हसला आणि म्हणाला, किल्ली राहिली घरी, बाई.

मुलगा खोटे बोलत होता. आणि हे ओटीवर एकट्या आनंदीबाईंना ठाऊक होते.

४

खोटे बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार असता, तर आनंदीबाईंच्या मते रोहा-पेण रस्त्यावर एस.टी. चालवायला माणूस उरला नसता. खोटे कशासाठी, हे पाहायचे असते. स्वतःला वाचवायचे असते, तर महिपतीने उलटच सांगितले असते: किल्ली घरी होती, कोणीही कपाट उघडले असेल. त्याने आपल्या सुटकेचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतले होते. माणूस असे दार लावतो, ते आत कोणीतरी लपलेले असते म्हणून.

पाणी पिण्याच्या निमित्ताने बाई माजघरातून मागील दारी गेल्या.

त्या वर्षी पावसाने कुलाबा जिल्ह्यात कहर केला होता. अंबा नदीला पूर, कुंडलिकेला पूर. भिंतींवर हिरवी बुरशी, पेटाऱ्यांना कुबट वास. आता आश्विनाचे कडकडीत ऊन पडले होते आणि मागील दारी सगळे घरच अंगणात येऊन बसले होते. गाद्या, घोंगड्या, लोणच्याच्या बरण्या, मालतीबाईंचे शालू. शेजारच्या गोठ्याच्या तापलेल्या पत्र्यावर चटया टाकून कडवे वाल पसरले होते. घरातली जुनी बाई हौसा शिडीवर उभी राहून ते खालीवर करीत होती, आणि मालतीबाई खालून तिला रागावत होत्या.

"हौसा, उतर गो आता! पडशील तर कोणाला निस्तरावं लागेल?"

"नाय पडत, वैनीबाय. तुमच्या लग्नाच्या आदीपासून चढताव या शिडीवर." हौसाने वरून आनंदीबाईंना पाहिले आणि हात जोडले. "पेनच्या बाय ना तुमी? आमचा म्हैपती सोडवा गो बाय. त्यानं मुंगी मारली नाय कवा."

"सोडवते. आधी सांग, हे सगळं आजच काढलंस का?"

"आज कशाला? घट बसल्यापासून रोज हाय हे. मालकांचा हुकूम! म्हनले, दसऱ्याच्या आत समदं घर उन्हात काडा. कपाट ऱ्हायला नको, फडताळ ऱ्हायला नको, कुलपातलं सुदिक काडा. म्हनले, एक वस्तू जरी दमट गावली तर बघा!"

"हौसा!" मालतीबाई एकदम म्हणाल्या. "वाल आवर ते."

हौसा निमूटपणे उतरली. सुकलेले वाल तिने सुपाने डब्यात ओतले आणि कंबरेच्या ओटीतून मूठभर कडुनिंबाचा पाला काढून वर टाकला.

"पाला कशाला?" बाईंनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते. पण प्रश्न मालतीबाईंनी ऐकावा, अशी त्यांची इच्छा होती.

"कीड लागू नये म्हनून. उनातनं काडलं की पाला घालायचा. कायबी असो."

मालतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिले आणि ओटीवर परत आल्या.

महिपतीकडून त्यांनी कपाट उघडवले, दारूचा डबा काढला आणि झाकण उघडून नाकाशी नेला. मग मोरोपंतांचा डबा नेला. मग पुन्हा पहिला.

"महिपती, पडसं कधीपासून आहे?"

"तुमच्याकडे होतो तेव्हापासून, बाई. काही वास येत नाही."

"तरीच," बाई म्हणाल्या. त्यांनी पांढरा कागद पसरला आणि हैबतरावांच्या डब्यातली दारू त्यावर हलकेच ओतली. काळ्या, चकचकीत कणांच्या ढिगातून तळाशी राहिलेली एक वस्तू घरंगळून वर आली.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला. फौजदार आला होता.

५

फौजदार तरुण होता, घाटावरून नुकताच बदलून आलेला. ओटीवर एक म्हातारी बाई दारूचा ढीग पुढ्यात घेऊन तराजू लावून बसलेली पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"या, बसा," आनंदीबाई म्हणाल्या. "तेवढी विडी आधी बाहेर विझवा. ह्या घरानं आठवडाभर ग्रामदैवत धाविराची पुष्कळ परीक्षा पाहिली आहे."

विडी विझली. मालतीबाई आणि हौसाही दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी मोरोपंतांचा चमचा घेतला, मोरोपंतांच्या डब्यातली दारू काठोकाठ भरून एका पारड्यात ओतली. त्याच चमच्याने, तशीच काठोकाठ, हैबतरावांच्या डब्यातली दारू दुसऱ्या पारड्यात ओतली.

"बघा."

मोरोपंतांचे पारडे खाली बसले. हैबतरावांचे वर राहिले.

"काय झालं?" हैबतरावांनी पट्टीआडून विचारले. "कोणी सांगेल का मला?"

"तुमची दारू हलकी झाली आहे. एकाच पेटीतले दोन डबे, एकच माप, आणि वजन कमी. आता वास घ्या." बाईंनी दोन्ही डबे पाळीपाळीने त्यांच्या नाकाशी धरले.

"मोरोपंतांच्या डब्याला झणका आहे. स्पिरिटसारखा. माझ्या डब्याला… काहीच नाही."

"बिनधुराची दारू बनवताना तिच्या कणांत एक उडून जाणारा अर्क राहतो, थोडी ओलही राहते. ती तिथंच राहायला हवी. म्हणूनच डबा घट्ट झाकायचा, सावलीत ठेवायचा. उन्हात पसरली की अर्क उडतो, ओल जाते. कण हलका होतो आणि पेटतो मात्र भडकून. मालतीबाई, ओलं लाकूड आणि खडखडीत वाळलेलं लाकूड सारख्याच वजनानं चुलीत घातलं, तर कुठलं भडकतं?"

"वाळलेलं," मालतीबाई कुजबुजल्या.

"महिपतीनं नेहमीचंच वजन भरलं. कण हलके, म्हणून त्याच वजनात कण जास्त बसले. आणि प्रत्येक कण पूर्वीपेक्षा घाईनं जळला. त्यानं मोरोपंतांसारखा चमचा वापरला असता, तर निदान थोडी कमी पडली असती. पोराचा काटेकोरपणाच त्याच्यावर उलटला. नाक उघडं असतं, तर डबा उघडताच त्याला कळलं असतं. पडशानं तेही बंद."

"पण उन्हात पसरली कोणी?" फौजदाराने विचारले. "आणि कशावरून?"

बाईंनी कागदावरची ती वस्तू दोन बोटांत उचलली. वाळून कुरकुरीत झालेले, करवतीसारख्या कडेचे कडुनिंबाचे पान.

"अगो बाय!" हौसा म्हणाली. "मीच घातला तो! परातीत पसरून गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलेली ती काळी रवाळ. रोज ठेवत व्हते घट उठंपर्यंत. लय छान खडखडीत झाली व्हती! डब्याच्या तळाला पाला टाकला नि वर ती भरली, कीड लागू नये म्हनून."

मोरोपंतांना हसू आवरेना. "दारूला कीड!"

"हसू नका," बाई म्हणाल्या. "तापलेला पत्रा, आठवडाभर. हे घर उभं आहे यातच आनंद माना. शहाणपणाची रीत होती ती, हौसा. फक्त वस्तू चुकली."

"किल्ली," हैबतराव एकदम म्हणाले. "किल्ली महिपतीजवळ होती. त्यानंच सांगितलं."

"त्यानं खोटं सांगितलं. खंडेनवमीला माझ्या पाटावर ती किल्ली नव्हती."

"बाई, नको," महिपती पुढे झाला. "किल्ली माझ्याकडूनच…"

"गप्प बैस रे." हा आवाज मालतीबाईंचा होता. त्या माजघराचा उंबरा ओलांडून ओटीवर आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या अशा कधी आल्या नव्हत्या. "किल्ली मी मागून घेतली, तो पेणेस निघाला तेव्हा. कपाट उन्हात काढायचं होतं. तो नको म्हणत होता. मीच म्हणाले, काकांचा हुकूम आहे, एकही वस्तू आत राहता कामा नये. काल रात्री त्यानं मला शपथ घातली, काकू, किल्लीचं बोलू नका, परवान्याचा माल आहे, तुमच्यावर येईल. मला वाटलं, मी बोलले तर त्याच्यावरच येईल. आम्ही दोघं एकमेकांना झाकत बसलो."

"मी सकाळी सगळ्यांना विचारलं होतं," हैबतरावांचा आवाज खरखरीत झाला. "डब्याला कोणी हात लावला का म्हणून."

"तुम्ही चोर शोधत होता. मी चोरून काही केलं नव्हतं. ऊन दाखवण्यानं कोणाचा डोळा जाईल, हे मला आत्ता, मागील दारी, हौसानं पाला टाकला तेव्हा उमगलं."

फौजदाराने घसा साफ केला. "मग… तक्रार कोणाविरुद्ध लिहायची, साहेब? म्हणजे, दारू उन्हात काढायला सांगितली कोणी?"

हैबतरावांनी पट्टीवरून हात फिरवला. आनंदीबाईंनी त्यांना मदत केली नाही. काही वाक्ये माणसाला स्वतःच्याच तोंडाने बोलावी लागतात. ती दुसऱ्याने बोलून दिली, तर त्याला आयुष्यभर पचत नाहीत.

"मी," हैबतराव म्हणाले. "हुकूम माझा. आणि दोनदा बोल्ट अडल्यावर तिसरं काडतूस भरणारा हातही माझाच. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा."

"सगळे स्वतःच्या गाढवपणाविरुद्ध तक्रार लिहायला लागले, तर ह्यांच्या ठाण्यात कागद पुरायचा नाही," आनंदीबाई उठल्या. "फौजदार, जा तुम्ही. मोरोपंत, ती उरलेली काडतुसं सगळी मोडायची. महिपती, हा डबा पाण्यात बुडव आणि नवा डबा पेणेहून घेऊन जा. त्याचं झाकण तुझ्याशिवाय ह्या घरात कोणी उघडणार नाही. आणि पडसं असताना काडतूस भरायचं नाही. ऐकलंस?"

"व्हय, बाई."

"आणि वाल, बाय?" हौसाने भीत भीत विचारले. "वालांना दाकवू ना ऊन?"

"वालांना भरपूर दाखव."

बाईंनी तराजू मखमलीत ठेवला. हैबतराव खुर्चीतून उठू लागले. पाहुण्याला निरोप द्यायला उंबऱ्यापर्यंत जायचे, ही त्यांची रीत होती. मोरोपंतांनी सवयीने हात पुढे केला. हैबतरावांनी तो चाचपला, ओळखला आणि बाजूला सारला.

मग त्यांनी आपला हात समोरच्या अंधारात तसाच उघडा धरून ठेवला.

"महिपती," ते म्हणाले, "कुठं आहेस तू?"

तो त्यांच्या शेजारीच उभा होता.